मान जाड, कड पातळ

उष्टावणाचा चांदीचा चमचा मोडला. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांना पहिली खीर भरवलेला, कडेवर इवल्या दातांच्या खुणा मिरवणारा. त्याची मान वाकली की मीच बोटांनी सरळ करायची; एका संध्याकाळी ती हातातच तुटली. नात सहा महिन्यांची होत आली होती. तुकडे रुमालात बांधून मी बेंगळुरूच्या नगरथपेटेत गेले.

इथली ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच. १६३८ साली हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पण आज या गल्ल्यांत कानी पडणारी मराठी आली ती दुष्काळाच्या वाटेनं. सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईचा धंदा घेऊन देशभर पांगली. सोनं-चांदी आटवायची, मळ काढायचा, चोख धातू परत द्यायचा. जिथं सराफी, तिथं त्यांची भट्टी. पाटी कानडी आणि आतून हाक माणदेशी!

“आक्का, आटवली की वजन राहील, पण ह्या खुणा जाणार बघा,” गलाईवाले म्हणाले. मी मान हलवली, तरी रुमाल लगेच सोडवेना.

चमचा घडवला शेजारच्या गल्लीतल्या कानडी कारागिरानं. कानडीत चांदीला बेळ्ळी म्हणतात आणि पहाटेच्या शुक्राला बेळ्ळी चुक्की. आपली चांदी चंद्राच्या घरची, त्यांची शुक्राच्या. मला दोन्ही नाती खरी वाटतात.

चोख चांदी ९६२ अंशांना पाणी होते, पण वापरायला फार मऊ. म्हणून हजारात ७५ भाग तांबं. उरलेली ९२५ चांदी. हीच ती स्टर्लिंग. मुशीत टाकणखाराची चिमूट पडली, रस ओतला, बोटाएवढी कांब निघाली. मग ऐरण. पहिले ठोके बोदे येतात. ठोक्यागणिक चांदी ताठरते, आवाज चढत जातो, आणि तो टणत्कारला की कारागीर हात थांबवतो. आणखी मारलं तर चीर जाईल. त्यानं दिवा मालवला. भर उजेडात तापलेल्या चांदीची अंधूक लाली दिसत नाही, आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. लाली आली, कांब पाण्यात बुडाली, चर्र झालं. चांदी पुन्हा मऊ. पुन्हा ऐरण. असे सात फेरे मी मोजले, पुढचे मोजायचे राहून गेले.

तेव्हा मला माझी चूक कळली. वर्षानुवर्षं मी ती मान वाकवत-सरळ करत होते आणि विस्तव एकदाही दाखवला नव्हता.

आटवण्याआधी कारागिरानं मला तुटका भाग दाखवला होता. जुना चमचा पत्र्यातून छापलेला. मान आणि कड एकाच जाडीची. नव्याच्या वाटीकडची चांदी आडव्या तोंडाच्या हातोड्यानं पसरली, दांडा लांबवला, मानेशी मात्र धातू राखून ठेवला. तिथंच सगळा भार येतो. कड इतकी पातळ की बाळाच्या ओठाला टोचू नये. तेजाबाच्या पातळ पाण्यात काळिमा उतरला, ओप चढला. बोटावर तोलला तर चमचा मानेपाशीच स्थिरावला.

खीर भरवली तेव्हा नातीनं तो हिरड्यांत घट्ट धरला, सोडवेना. मग मी कड उजेडात धरून पाहिली. स्वच्छ होती. दात यायचेत अजून.