सॉकेट होते म्हणून

२ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत 'सेमिकॉन इंडिया' परिषदेच्या उद्घाटनप्रसंगी 'विक्रम ३२०१' हा ३२-बिट प्रोसेसर पंतप्रधानांना भेट देण्यात आला. इस्रोचे विक्रम साराभाई अवकाश केंद्र आणि मोहालीची सेमिकंडक्टर लॅबोरेटरी यांनी मिळून तो घडवला. १८० नॅनोमीटर तंत्रावरचा हा प्रोसेसर प्रक्षेपकांसाठी आहे. वेगापेक्षा विश्वासार्हता हे त्याचे ब्रीद. त्याची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. प्रोसेसर स्वतःच्या बोटांत धरण्याचा योग मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच येतो. बंगळुरूच्या एस. पी. रोडवरील जुन्या संगणकांच्या बाजारामुळे तो एकीला आला.

सोलापूरहून संशोधनासाठी बंगळुरूला आलेल्या भौतिकशास्त्राच्या या विद्यार्थिनीने तेथून 'थिंकपॅड टी-४३०' घेतला होता. हे २०१२ सालचे मॉडेल. आधी तिने रॅम वाढवली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. लॅपटॉप चटकन सुरू होऊ लागला. गणने मात्र पूर्वीइतकीच रेंगाळत. चुंबकत्वाच्या आयसिंग प्रतिमानाचे मॉन्टे कार्लो गणन तिला अनेक तापमानांना करायचे होते आणि प्रबंधाचे एक प्रकरण त्यावाचून अडले होते. आतल्या 'आय-५ ३३२०एम'ला गाभे दोनच, म्हणून एका वेळी तापमानेही दोनच.

तिने चार गाभ्यांचा जुना 'आय-७ ३६३२क्यूएम' शोधला. दोन्ही २२ नॅनोमीटरचे, दोन्ही ३५ वॅटचे. गाभे दुप्पट होऊनही उष्णतेची मर्यादा तीच कशी? चिपमधील स्विचिंगची शक्ती वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वारंवारता उतरवली की कमी व्होल्टेजवरही काम भागते आणि शक्ती त्याहून वेगाने घटते. म्हणून नव्या चिपची मूळ वारंवारता २.६ऐवजी २.२ गिगाहर्ट्झ होती. वेगाचा थोडा त्याग करून गाभे मिळवण्याचा हा सौदा होता.

काम अर्ध्या दिवसाचे होते. बायोस अद्ययावत केले, बॅटरी काढली, कीबोर्ड उचलला, पंखा व उष्णतावाहक नळी सोडवली. सॉकेटचा स्क्रू अर्धा वळवताच जुनी चिप अलगद सुटली. नवीचे ९८८ पाय एकही न वाकता बसणे हाच कसोटीचा क्षण. मग पंख्यातली धूळ झाडून ताजी थर्मल पेस्ट लावली. साचलेली उष्णता असती तर प्रोसेसरने स्वतःच वेग कमी केला असता.

त्या रात्री चार तापमानांची गणने एकाच वेळी चालली. एकेकटे गणन मात्र जलद झाले नाही, उलट किंचित मंदावले. समांतर विभागता येणाऱ्या कामालाच गाभ्यांचा लाभ होतो, हा पाठ पुस्तकातला असला तरी तो पटला येथे.

हे सारे शक्य झाले ते सॉकेटमुळे. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांत २०१३ची चौथी पिढी ही सॉकेटमध्ये बसणारी अखेरची. पाचवीपासून चिप मदरबोर्डावर कायमची डाखली जाऊ लागली. त्यामुळे यंत्रे पातळ झाली, हे खरे; पण प्रोसेसर अपुरा पडला की पूर्ण मदरबोर्ड, बहुधा पूर्ण लॅपटॉपच बदलण्याची वेळ आली. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टल सुरू झाले. त्या हक्काची चर्चा बहुधा ग्राहकाच्या खर्चाभोवती फिरते. शिकणाऱ्याचेही त्यात काही गुंतलेले आहे: जे उघडता येत नाही, त्याची ओळख चित्रापुरतीच राहते.

काढलेला 'आय-५' तिने त्याच दुकानात परत दिला. दुकानदाराने पाय तपासून तो अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवला. दुसऱ्या एखाद्या टी-४३०ला तो पुरेसा होता.