शिल्लक

माझ्या नातवाच्या मते माझ्याइतका चिकट सेनापती शोधून सापडायचा नाही. ३८ वर्षे मी बँकेत रोखपालाच्या पिंजऱ्यात काढली. एरवी हा आरोप मी पदकासारखा मिरवला असता. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या संघाचा चौथा गडी तापाने पडला, त्याच्या जागी माझी भरती झाली, आणि माझ्या या गुणापायी आम्ही ओळीने ३ लढाया हरलो.

संगणकावरच्या या खेळाचे नाव ‘लीजन टीडी २’. ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळासाठी एका हौशी माणसाने रचलेल्या नकाशावरून तो निघाला आणि २०२१ साली पूर्ण रूपात बाहेर पडला. दोन बाजू, एकेका बाजूला चार गडी. प्रत्येकाची वाट वेगळी. राजा मात्र चौघांत एक. दर फेरीला राक्षसांची लाट येते. पहिल्या फेरीला तर बिचारे खेकडेच! सोने मोजून आपल्या वाटेवर शिपाई उभे करायचे. दणकट पुढे, लांबून मारा करणारे मागे. आपल्या हातून निसटलेले राक्षस राजावर जाऊन पडतात. मुले त्याला ‘लीक’ म्हणतात, मी गळती म्हणतो. छप्पर माझे गळते आणि भिजतात चौघे.

म्हणून नवशिक्याने आधी आपले छप्पर शाकारावे. पण गरजेपुरतेच, उरलेल्या सोन्यातून मजूर ठेवावेत. मजूर ‘मिथियम’ नावाचे दुसरे धन जमवतात. त्यातून भाडोत्री सैन्य घेऊन शत्रूच्या वाटेवर सोडता येते, आणि नवल असे की, ते सोडले की दर फेरीला आपल्याला मिळणारे सोनेही वाढते. खर्च केला की उत्पन्न वाढते! हा हिशेब रोखपालाच्या डोक्यात शिरेना.

“आजोबा, आठव्या फेरीला चौघांनी एकदम सोडायचं हं,” नातवाने बजावले होते. एकेकट्याने थोडेथोडे सोडले तर शत्रू ते सहज झेलतो. चौघांचे एकदम गेले की त्याची तारांबळ उडते. त्यासाठी एखाददुसरी फेरी साठवणे हे शहाणपणच. आठवी फेरी आली. तिघांनी सोडले. मी मनात म्हटले, याहून कठीण वेळ आली तर? शत्रू थोडक्यात निभावला. पुढे दोनच फेऱ्यांत आमचा राजा पडला. माझे मिथियम जसेच्या तसे होते.

“कशासाठी ठेवलं होतंत?” त्याने विचारले. रागावला असता तर बरे झाले असते.

“अडीअडचणीला.”

“मग ही काय होती?”

मी चष्मा पुसू लागलो. माझ्या पत्नीला कन्याकुमारी पाहायची होती. तीन समुद्र एका ठिकाणाहून कसे दिसतात, एवढेच तिचे कुतूहल. दर उन्हाळ्यात ती विषय काढी आणि मी म्हणे, “पुढच्या वर्षी.” अशी ११ वर्षे गेली. मग ती गेली. कन्याकुमारीसाठी वेगळी ठेवलेली रक्कम पासबुकात आहे, व्याजासह आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. आठव्या फेरीला नातू ओरडला, “आता!” आणि मी होते नव्हते ते सारे सोडून दिले. हात थरथरला, खोटे कशाला सांगू? माझ्या वाटेवरून चार राक्षस निसटलेही. पण राजाने ते झेलले. पलीकडचा राजा मात्र गडगडला. पोरांनी असा गिल्ला केला की सूनबाई हातातला झारा घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.

यंदा दिवाळी आटोपली की आम्ही सगळे कन्याकुमारीला निघणार आहोत. तिकिटे मी काढली आहेत. पासबुकात शिल्लक किती राहिली, ते अजून पाहिलेले नाही.