२४० रेषा

१.
जुन्या व्हिडिओ गेमचं चित्र २४० रेषांचं. २४० ला ३ ने गुणलं की ७२०. ९ ने गुणलं की २१६०, म्हणजे फोरके. फुल एचडीच्या १०८० साठी मात्र साडेचाराने गुणावं लागतं, आणि अर्धी रेष काढता येत नाही. म्हणून मारिओच्या टोपीची एक रेष जाड येते, खालची बारीक. नाहीतर सगळंच पुसट.

२.
ट्यूबचा टीव्ही एक चित्र दोन फेऱ्यांत काढायचा: आधी एकाआड एक रेषा, मग मधल्या राहिलेल्या. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमने (१९८३), सेगाच्या मेगाड्राइव्हने (१९८८) आणि त्यांच्या पिढीतल्या इतर कन्सोलनी दोन्ही फेऱ्या त्याच रेषांवरून मारल्या. त्यामुळे दर फेरीला नवं, पूर्ण चित्र, सेकंदाला ६०. मधल्या रेषांवर किरण फिरकलाच नाही, त्या काळ्या राहिल्या. स्कॅनलाइन म्हणून आज लोक पैसे मोजून ज्या परत आणतात, त्या याच.

३.
आजच्या बऱ्याच टीव्हींना हा सिग्नल कळत नाही. त्यांना वाटतं, अर्धंच चित्र आलंय. मग ते पुढच्या अर्ध्याची वाट बघतात आणि दोन वेगळ्या क्षणांची चित्रं एकात एक विणतात. धावणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात.

४.
मेक्सिकोच्या आर्तेमिओ उर्बिना यांनी लिहिलेलं '२४०पी टेस्ट सूट' फुकट मिळतं आणि खऱ्या कन्सोलवर चालतं. त्यातली एक चाचणी मला फार आवडते. चित्रामागची सावली एका फ्रेमला दाखवायची, पुढच्या फ्रेमला नाही. ट्यूबवर ती लुकलुकते. गैरसमजात असलेल्या टीव्हीवर तिच्यात आडवे पट्टे पडतात, किंवा ती दिसतच नाही. जुन्या गेममध्ये मार खाल्लेला हिरो असाच लुकलुकतो. आता तो ऐन लढाईत का गायब होतो हे कळलं.

५.
लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काहीशे रुपयांना मिळणारी 'एव्ही टू एचडीएमआय' डबी बहुतेक वेळा तोच गैरसमज करून घेते. वर चित्र आडवं ताणूनही देते.

६.
ताणलेलं चित्र मला बघवत नाही. सगळे जाडे, सगळे बुटके. दुरुस्तीला खर्च काही नाही: रिमोट घ्या, ४:३ करा. बाजूच्या काळ्या पट्ट्या असू द्या. "टीव्ही वाया जातो" असं घरातलं कोणीतरी म्हणेलच. म्हणू द्या.

७.
'सॉनिक' (१९९१), ग्रीन हिल झोन. तिथला धबधबा नीट पाहिला तर नुसत्या उभ्या पट्ट्या आहेत: एक पाण्याची, एक मोकळी. पिवळ्या पिनच्या केबलमधून जाताना शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळायचे आणि पाण्याआडचा सॉनिक दिसायचा. चित्रकारांनी केबलचा दोष हिशेबात धरला होता.
आरजीबी केबल लावा. अक्षरं कोरल्यासारखी येतात. धबधब्याचे गज होतात.

८.
'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट' (१९९७) मधल्या ड्रॅक्युलाचा चेहरा. डोळ्याच्या जागी मोजके लाल ठिपके. एलसीडीवर ते लाल चौकोन आहेत. ट्यूबवर बुबुळ आहे, आणि ते आपल्याकडे बघतंय.

९.
फ्रान्समध्ये १९८० पासून नव्या टीव्हीला स्कार्टचं २१ पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं. मग ते युरोपभर पसरलं. त्यातून आरजीबी जातं, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांतून. पण युरोपचा टीव्ही ५० हर्ट्झचा, गेम जपानी ६० च्या हिशेबाने लिहिलेले. बरेच गेम तिथे १७ टक्के संथ चालले. उत्तम रंग आणि रेंगाळणारा सॉनिक एकाच घरात.

१०.
आपल्याकडे नव्वदीत आलेले बहुतेक 'व्हिडिओ गेम' म्हणजे फॅमिकॉमच्या नकला. कॅसेटवर ९९९९ गेम छापलेले, आत मोजकेच वेगळे. अँटेनाच्या भोकात वायर, मग चॅनेल ट्यून करत बसायचं. मुंग्यांतून हळूहळू मारिओ वर यायचा. सिग्नल पोचवण्याची याहून वाईट रीत नसेल. आमच्यापैकी कोणी चित्राबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

११.
मारिओचं आकाश निळं की जांभळट? फॅमिकॉममध्ये लाल-हिरवा-निळ्याचे आकडेच नाहीत. तो थेट टीव्हीचा सिग्नल तयार करतो आणि त्या लहरीचा अर्थ ज्याचा त्याचा टीव्ही लावतो. त्यामुळे 'मूळ रंग' शोधणाऱ्यांचे वाद मिटत नाहीत. मला थोडं जांभळट आवडतं.

१२.
रेषा गुणून देणारी यंत्रं. जपानच्या मायकोमसॉफ्टचं फ्रेममायस्टर, आता बंद. फिनलंडच्या मार्कस हीएनकारी यांचं ओएसएससी: आराखडा सर्वांसाठी खुला, आणि ते पूर्ण फ्रेम साठवत बसत नाही. रेष आली की गुणून पुढे. त्यामुळे बटण दाबल्यावर उशीर जवळजवळ नाहीच. अमेरिकेतल्या माइक ची यांचं रेट्रोटिंक: ५एक्स २०२१ मध्ये, ४के २०२३ मध्ये.
रेट्रोटिंक ४के बाजारात आलं ७५० डॉलरला. तेवढ्यात आपल्याकडे चांगला मोठा टीव्ही येतो. ट्यूबच्या काचेमागची जाळी आणि काळ्या रेषा ते फोरके पडद्यावर हुबेहूब काढतं. काळ्या रेषांनी चित्र अंधारतं, म्हणून एचडीआरचा जास्तीचा उजेड त्यावर खर्च करायचा.

१३.
'डक हंट' (१९८४). चाप ओढला की पडदा क्षणभर काळा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन. बंदुकीतल्या डोळ्याला तो पांढरा उजेड त्याच क्षणी दिसायला हवा. एलसीडीवर तो उशिरा पोचतो, आणि ट्यूबसारखा रेषेरेषेने धडधडतही नाही. तोवर गेमने ठरवलेलं असतं: नेम चुकला.
यावर केबल नाही, डबी नाही. कॅमेरा बसवलेल्या नव्या बंदुका निघाल्यात, पण त्या वेगळ्याच पद्धतीने नेम शोधतात.

१४.
सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. टीव्ही चित्र 'सुंदर' करण्यात अशा कितीतरी फ्रेम खाऊ शकतो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा.

१५.
सोनीचा ४३ इंची ट्यूबचा टीव्ही, १९८९. वजन सुमारे २०० किलो. त्यातला एक अलीकडे ओसाकातल्या सोबा नूडलच्या हॉटेलात सापडला आणि तिथून अमेरिकेत नेला गेला.

१६.
थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा २००५ मध्ये औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने विकत घेतला. दुकानांत तेव्हा सपाट टीव्ही लागले होते.

१७.
भंगारवाला: "साहेब, ट्यूबचं काय येत नाय. तांबं तेवढं काढून घेतो."
हे तांबं म्हणजे ट्यूबच्या मानेभोवतीचं वेटोळं. किरण डावीकडून उजवीकडे, वरून खाली तेच फिरवतं. सगळ्या रेषा त्याच्या.

१८.
घरी ट्यूबचा टीव्ही चालू अवस्थेत असेल तर देऊन टाकू नका. आणि स्वतः उघडूही नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात.

१९.
एलसीडी प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत धरून ठेवतो. ट्यूबवरचा ठिपका पेटला की लगेच विझतो. स्थिर चित्रात फरक कळत नाही. सॉनिक धावायला लागला की मागची झाडं एलसीडीवर फरफटतात. फोटो टाकून दोन टीव्हींची तुलना करणाऱ्यांना हे कधीच दिसणार नाही.

२०.
प्लेस्टेशन २ (२०००) भारतात अजून पुष्कळ घरांत माळ्यावर आहे. त्याला पिवळी पिन काढून हिरवी-निळी-लाल कंपोनंट केबल लावली की फरक चष्म्याशिवाय दिसतो. टीव्हीला ती सॉकेटं आहेत का ते आधी पाहा. नव्या टीव्हींतून ती जाऊ लागलीत. मग कन्सोलच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये 'कंपोनंट व्हिडिओ आउट' आरजीबीवर असेल तर तिथला दुसरा पर्याय, वाय-सीबी-सीआर, निवडा. नाहीतर रंग भलतेच येतात. हे पिवळी पिन लावलेली असतानाच करून घ्या.