वरचा डोळा आणि खालचं रान

वाचकहो, तुमच्या रानावर सध्या कुणाची नजर आहे, ठाऊक आहे का? शेजाऱ्याची म्हणाल, तर ती पूर्वापार आहेच. मी सांगते ती नजर आभाळातली.

आमचं गाव बिलोली तालुक्यात, मांजरेच्या अंगाला. २०२५ च्या ऑगस्टात मघा नक्षत्रात पाऊस असा कोसळला, की मुखेड तालुक्यातल्या हसनाळला माणसं पाण्यात गेली. आमच्याकडे जीव वाचले, पण ओढ्याकाठचं तीस गुंठे सोयाबीन चार दिवस पाण्याखाली राहिलं.

पुढं धाकट्या भावजींनी मोबाइलवर त्या दिवसांतलं एक चित्र दाखवलं. म्हणाले, "वहिनी, हे आपलं रान." करड्या चित्रात ओढ्याकाठी काळा डाग होता. तेच आमचं बुडालेलं सोयाबीन! आभाळ भरलेलं असताना हे दिसलं कसं? तर काही उपग्रह रडारच्या लहरी सोडतात. त्या ढगातून आरपार जातात आणि साचलेलं पाणी काळं दिसतं.

दुसऱ्या तऱ्हेचे उपग्रह पिकाचा रंग पाहतात. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत पाठवतं. त्यावरून पीक जोमात आहे की मलूल, ते कळतं. युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. आपल्या देशाचा आयआरएस-१ए १९८८ साली वर गेला. अशी चित्रं वाचणारं इस्रोचं केंद्र तर आपल्या शेजारी हैदराबादलाच आहे.

आता चित्रांचा ढीग एवढा वाढला, की माणसांना पुरा पडत नाही. म्हणून संगणकाला शिकवून त्याच्याकडून ती वाचून घेतात. २०१८ साली एका बहीण-भावानं गुरुग्रामला 'ब्लू स्काय ॲनालिटिक्स' नावाची कंपनी काढली. हवेचं प्रदूषण, शेतातल्या आगी यांची माहिती ती अशीच काढते. पीकविम्यातही २०२३ पासून उत्पन्नाच्या अंदाजात उपग्रहाला वजन द्यायची पद्धत देशात सुरू झाली. आधी भात-गहू, मग सोयाबीन.

तुम्ही म्हणाल, बरं झालं, खोटेपणा संपला. पण पुढचं ऐका. पाणी ओसरलं, ऊन पडलं, आणि नंतरच्या चित्रात आमचे तेच तीस गुंठे हिरवेगार दिसले! मामंजी हसले. म्हणाले, "सूनबाई, ते तण हाय. वरून हिरवं दिसतंय, शेंगा कोण मोजणार?" रानात जाऊन पाहिलं, तर झाडं पिवळी पडलेली, शेंगा पोचट आणि तण कमरेला लागलेलं.

तेव्हा मला आमचीच एक चूक आठवली. आदल्या वर्षी ई-पीक पाहणीत आम्ही सगळ्या रानात सोयाबीन लिहून टाकलं होतं. एका तुकड्यात तूर होती, पण कोण परत बांधावर जाऊन फोटो काढणार, असं म्हणून कंटाळा केला. संगणक शेवटी खालच्या नोंदीवरूनच शिकतो. कुठलं हिरवं सोयाबीनचं आणि कुठलं तुरीचं, हे त्याला आपणच सांगायचं असतं. आपण तुरीला सोयाबीन म्हटलं, तर तोही म्हणणार. मग त्या चुकीचा फटका आपल्यालाही बसतो आणि शेजाऱ्यालाही.

म्हणून बायांनो, एवढं करा. पाहणी स्वतः रानात उभं राहून करा, जे पेरलं तेच लिहा. नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढा आणि पेरणीची, पावसाची, काढणीची तारीख एका वहीत टिपून ठेवा. आमच्या घरी ही वही आता देवळीत असते. मामंजी सांगतात, मी लिहिते.

वरचा डोळा मोठा खरा, पण झाड उपटून शेंग फोडून पाहायची, तर आपलाच हात लागतो.