चाकोरी

टायरमधली हवा कमी करूया म्हटल्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या बसला बैल जुंपायला सांगत होते. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर, त्यातली बहुतेक कोकणातल्या घाटांत. "अगं, हवा भरायची असते. काढायची कसली?"

मी समोर बोट दाखवलं. डांबर तिथेच संपत होतं. पुढे पन्हाळी पत्रा अंथरल्यासारखा वळ्यावळ्यांचा खडीचा रस्ता दोन डोंगररांगांच्या मधून वर चढत गेला होता. बाबा उतरले. त्या वळ्यांवर बूट घासून पाहिला, कडेचा एक दगड उचलून त्याची धार अंगठ्यावर बघितली आणि काही न बोलता व्हॉल्व्हपाशी उकिडवे बसले. ३५ पौंडांची हवा २५ वर आणली, चारही चाकांची.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कचा हा उत्तरेकडचा कोपरा. बाबा माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते आणि पहिल्या दोन आठवड्यांत पूल, समुद्र, उंच इमारती असं सगळं बघून त्यांनी निकाल दिला होता : "छान आहे, पण सगळं धुतल्यासारखं आहे." तेव्हा ठरवलं, न धुतलेलं काही दाखवू. जानेवारी निवडला, कारण उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला इथे आणू नये. कोणालाच आणू नये. १० जुलै १९१३ ला इथल्या फर्नेस क्रीकवर ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. जगातल्या उच्चांकाचा मान आजही त्याच आकड्याकडे आहे. काही हवामानतज्ज्ञ त्यावर शंका घेतात. घेऊ देत. २०२४ च्या जुलैत दिवस आणि रात्र धरून अख्ख्या महिन्याची सरासरी ४२.५ अंश होती, तेवढं पुरे आहे. जानेवारीत मात्र दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे दोन घालावे लागतात.

चाकोरी हा शब्द आपण किती वाया घालवला आहे, हे मला त्या रस्त्यावर कळलं. मुळात ती गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खाच. पण आपण गाडीही विसरलो आणि मातीही. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे उठतात आणि मुलांना चाकोरीबाहेर जायला सांगून खाली बसतात. या पार्कात शेकडो मैलांचे कच्चे रस्ते आहेत. काही असे, की दिवसभरात दुसरी गाडी दिसू नये. डांबरी रस्त्यापासून मैलभर आत गेलं की बऱ्याच ठिकाणी तंबूही टाकता येतो, काही ठिकाणी त्यासाठी परवाना लागतो. एवढं सगळं मोकळं असताना एका गोष्टीला ठाम मनाई आहे. चाक चाकोरीबाहेर घालायचं नाही. एक फूटसुद्धा नाही.

कारण पावसात आहे. आमच्या रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मे महिन्यात अंगणात ट्रकची चाकं रुतली तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे गवत असतं. कोकणातली जमीन दरवर्षी पाटी कोरी करते. इथे खोऱ्याच्या तळाशी वर्षाला पाऊस जेमतेम ५५ मिलिमीटर, म्हणजे आमच्याकडची एक चांगली दुपार. पुसायला पाणीच नाही. जमिनीवर बारीक खड्यांचा थर फरसबंदीसारखा बसलेला असतो. तो एकदा चाकाखाली मोडला की माणसाच्या आयुष्यात परत बसत नाही. या पार्काच्या दक्षिणेला, मोहावे वाळवंटात, १९४२ साली जनरल पॅटनने रणगाड्यांची तालीम घेतली. त्या रणगाड्यांचे माग अजून दिसतात.

हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. हो, गाडी तेच चालवत होते. मी लायसन्सचा विषय काढणार नाही, वाचकांनीही काढू नये.

आदल्या दिवशी फर्नेस क्रीकच्या उत्तरेला हार्मनी बोरॅक्स वर्क्सचे अवशेष बघितले होते. पडक्या भिंती, गंजलेला बॉयलर आणि दोन प्रचंड लाकडी गाड्या. त्यांची मागची चाकं माझ्यापेक्षा उंच, सात फुटांची. इथे काय काढायचे म्हणून बाबांनी विचारलं आणि बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार म्हटल्यावर ते एकदम घरी पोचले. आमच्या आळीतला सोनार डाग देताना टाकणखार लावायचा. आजी तो तव्यावर फुलवून त्याची लाही करायची आणि तान्ह्या मुलाचं तोंड आलं की मधातून लावायची. (आताचे डॉक्टर ऐकतील तर आजीला फैलावर घेतील.) तो टाकणखार एके काळी तिबेटातून मेंढ्यांच्या पाठीवर हिमालय ओलांडून यायचा. इथे तो खेचरांनी नेला. १८८३ ते १८८८ अशी पाच वर्षं, १८ खेचरं आणि २ घोडे जोडीजोडीने एका साखळीला जुंपून, दोन भरलेल्या गाड्या आणि मागे पाण्याची टाकी, मिळून सुमारे ३३ टन, मोहावेच्या रेल्वे स्टेशनपर्यंत. अंतर २६५ किलोमीटर, एका खेपेला दहा दिवस. खाली मिठाच्या मैदानातून क्षार खरवडणारे मजूर बहुतेक चिनी होते. उन्हाळ्यात कारखाना बंद ठेवावा लागे, पण माणसांची दया येऊन नव्हे. त्या उष्म्यात पाणी पुरेसं थंडच होईना आणि टाकणखाराचे खडे धरेनात.

बाबांना खरी गोडी लागली ती वळणांत. इतकी लांब रांग डोंगराच्या वळणावर आली की साखळी आतल्या अंगाला ताणून गाडी कड्याला घासणार. मग गाडीजवळच्या काही जोड्या चालता चालता साखळीवरून उडी मारून पलीकडे जात आणि वळणाच्या उलट दिशेला तिरक्या ओढत राहत. गाडीवान हे सगळं एकाच लांब दोरीने आणि तोंडाने सांभाळत असे. बाबा हे सांगणारा तिथला फलक माझ्याकडून दोनदा वाचून घेऊन म्हणाले, "म्हणजे क्लीनर खेचरच." आणि मग बराच वेळ त्या चाकापाशी उभे राहिले.

तर आता आमचा रस्ता. युबिहीबी नावाच्या ज्वालामुखीच्या विवरापासून रेसट्रॅकपर्यंत ४३ किलोमीटर. वळ्यांवर गाडी हळू नेली तर हाडं खिळखिळी होतात, जोरात नेली तर वळ्यांच्या माथ्यांवरून तरंगत जाते, पण मग ब्रेकचा भरवसा नाही. बाबांनी पाच मिनिटांत मधला वेग शोधून काढला. वर जोशुआ ट्री लागली, हात वर केलेल्या माणसांसारखी, आणि मग टीकेटल जंक्शन : एका तिठ्यावर पाटी आणि पाटीला लटकलेल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहाच्या किटल्या. बाबांनी सगळ्या हलवून पाहिल्या. "एकीत तरी असेल म्हटलं." थर्मासमधला चहा तिथेच संपवला.

रेसट्रॅक म्हणजे आटलेल्या तळ्याचा तळ. साडेचार किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आणि इतका सपाट, की उत्तरेचं टोक दक्षिणेपेक्षा जेमतेम चार सेंटिमीटर उंच आहे. पृष्ठभाग वाळलेल्या चिखलाचा, षटकोनी तुकड्यांत तडकलेला, सारवून वाळल्यावर भेगाळलेल्या अंगणासारखा. त्यावर चालताना पावलांचा आवाज येत नाही. कसलाच आवाज येत नाही. थोड्या वेळाने कानात स्वतःचं रक्त ऐकू यायला लागतं. दक्षिणेच्या कड्यावरून घसरलेले काळपट दगड या अंगणात दूरवर पसरले आहेत आणि प्रत्येकामागे चिखलात ओढल्याची खूण आहे. कुठे दहा फूट, कुठे शेकडो फूट. काही सरळ, काही वळलेल्या. दगड पाटीएवढे, पाट्याएवढे, काही तर तीनशे किलोंचे. आजूबाजूला एकही पाऊल नाही.

बाबा एका दगडापाशी न थांबता त्याच्या मागाच्या कडेकडेने उलटे चालत गेले. मग बाजूच्या दगडाच्या मागाकडे. मग दोन्हींच्या मधे उभे राहून म्हणाले, "ही दोघं एकाच वेळी वळलीत बघ. इथे उजवीकडे, मग परत सरळ. मधलं अंतर तेवढंच. एकाच गाडीला बांधल्यासारखी."

मी गप्प झाले. कारण हे कोडं सुटायला शास्त्रज्ञांना कित्येक दशकं लागली होती. वादळी वारा, शेवाळं, चुंबक, भुतं, सगळे तर्क होऊन गेले. शेवटी रिचर्ड आणि जेम्स नॉरिस या चुलत भावांनी पार्कची परवानगी काढली. इथल्या दगडांना हात लावायला मनाई, म्हणून बाहेरून १५ दगड आणून त्यांत जीपीएस बसवले आणि वाट पाहत राहिले. २०१३ च्या डिसेंबरात ते इथे आले तेव्हा तळ्यात काही इंच पाणी होतं आणि रात्री त्यावर खिडकीच्या काचेएवढा पातळ बर्फ धरत होता. सकाळी ऊन आलं, बर्फ तडकला, त्याचे मोठमोठे पापुद्रे साध्या झुळकीने सरकू लागले आणि वाटेतले दगड मऊ चिखलावरून ढकलत घेऊन गेले. मिनिटाला काही मीटर, डोळ्यांना जेमतेम कळेल इतकं हळू. एकाच पापुद्र्याने ढकललेले दगड एकत्र वळतात. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बाबांना सांगितलं. "बांधल्यासारखी म्हटलं ना मी," एवढंच म्हणाले. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. रस्त्यावरचे माग वाचून पुढे काय झालं असेल ते ओळखणं हा त्यांचा रोजचा धंदा होता.

पण थोडं पुढे त्यांना वेगळं काही आठवलं आणि त्यांनी विचारलं, यावर कोणी गाडी घालत नाही? घालतात. २०१६ मध्ये एका गाडीने या तळावर सोळा किलोमीटरचे वळसे घालून ठेवले. इथे चिखल ओला असताना नुसतं चालणंही बंद आहे, कारण पाऊल वर्षानुवर्षं राहतं. दगडही लोक चोरून नेतात. दगड गेला की माग तेवढा उरतो. असा एक आम्ही पाहिला. लांबलचक, सुरेख वळलेला, आणि टोकाला काही नाही. चोरून नेणाऱ्याच्या घरात तो आता नुसता दगड असेल.

परतताना मागचं उजवं चाक बसलं. या रस्त्याची ख्यातीच ती, म्हणून जीपसोबत दोन स्टेपन्या घेतल्या होत्या. बाबांनी मला चाकांमागे दगड लावायला सांगितलं आणि जॅक लावला. खडीत जॅक वर जाण्याऐवजी खाली जायला लागला. "फळी आहे का एखादी?" फळी नव्हती. स्वयंपाकाच्या खोक्यात माझा लाकडी पोळपाट होता. बाबांनी तो घेतला, उलटा केला, जॅकखाली सरकवला. वीस मिनिटांत चाक बदललं. या वेळात एक गाडी आली, थांबली, आतल्या बाईंनी पाणी हवं का विचारलं, पोळपाटाचा फोटो काढला आणि गेली. पोळपाटावर जॅकच्या बुडाचा गोल शिक्का उमटला आहे. पोळी त्यावर अजून चांगली लाटली जाते.

आमचा तंबू मेस्किट स्प्रिंगला होता. नावातलं मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. खाली पडलेल्या शेंगा बाबांनी ओळखल्या आणि हिचा इथे उपयोग काय, म्हणून विचारलं. उपयोग मोठा होता. टिंबिशा शोशोनी लोक या शेंगा कुटून पीठ करत. हिवाळ्यात खाली खोऱ्यात राहायचं, उन्हाळ्यात डोंगरावर चढून चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया गोळा करायच्या, असा त्यांचा वर्षाचा फेरा. त्यांच्या भाषेत हे मृत्यूचं खोरं नाहीच. त्यांच्या नावाचं नातं इथल्या डोंगरातल्या लाल कावेशी आहे. मृत्यूचं नाव दिलं ते १८४९ च्या हिवाळ्यात सोन्यामागे धावताना वाट चुकलेल्या लोकांनी, आणि खोऱ्यात त्यांच्यातला मेला होता एक जण. १९३३ मध्ये सरकारने ही जागा राखीव केली तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं स्वतःच्याच घरात अडचण ठरली. २००० साली कायदा होऊन त्यांना थोडी जमीन परत मिळाली. फर्नेस क्रीकला त्यांचं गाव आहे, माणसं राहतात. बाबा म्हणाले, "मग पाटीवर त्यांचं नाव लिहायला काय झालं?"

शेकोटी फक्त लोखंडी कड्यात पेटवायची आणि लाकूड आपलं आणायचं, पडलेली काटकी उचलायची नाही. हा नियम बाबांना शेवटपर्यंत पटला नाही, तरी पाळला. वर मृग, रोहिणी, व्याध इतके जवळ आले होते, की कृत्तिकेत नेहमीच्या सहाऐवजी त्यांनी आठ मोजल्या आणि मला परत मोजायला लावल्या. माझ्या सात भरल्या. म्हातारपणीही त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मान्य करावं लागलं.

मग त्यांनी खिशातून वही काढली. नोकरीतली सवय, निवृत्तीनंतरही सुटलेली नाही : रोजचा रस्ता, किलोमीटर, वेळ. टॉर्च मी धरला. त्यांनी लिहिलं : "रेसट्रॅक. जाऊन-येऊन ८६ कि.मी. एक टायर. रस्ता सोडला नाही."