सासूबाईंच्या नियमात बसलेलं वॉफल



संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर घरात आम्ही सगळे एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. खरं सांगू? अर्धं सवयीनेच म्हणतो. यंदा मात्र माझा अकरा वर्षांचा धाकटा माझ्यासमोरून हलेचना. खाली बघत म्हणाला, "मम्मी, मी मित्राच्या वाढदिवसाला पुण्यात वॉफल खाल्लं होतं. त्यात अंडं असतं हे मला नंतर कळलं. तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही."

मी ओरडले नाही, पण बोललेही नाही. तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले. मागून सासूबाई आल्या. म्हणाल्या, "पोरानं आपणहून सांगितलं ना? मग त्याला का शिक्षा? चार महिने त्यानं हे पोटात ठेवलं, ते कुणाच्या भीतीनं, ते बघ."

ते वाक्य मला लागलं. माझं लेकरू पापाला कमी आणि मला जास्त भीत होतं. रात्री त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, "वॉफल आपण घरी करू." तेवढंच सुचलं.

सख्यांनो, बोलणं सोपं होतं. वॉफल म्हणजे दोन तापलेल्या खाचेदार पत्र्यांमध्ये भाजलेलं जाडसर धिरडंच. पण बाहेरच्या कृतीत मैदा, अंडी, लोणी, वरून मध. म्हणजे आपल्याला वर्ज्य असलेलं जवळजवळ सगळंच! मशीन आणलं आणि मी हुशारी केली. मूग भिजवून वाटले, त्यात दही घातलं आणि पीठ रात्रभर आंबवत ठेवलं. सकाळी सासूबाईंनी झाकण उचललं. "अगं, कच्चं दही आणि कडधान्य एकत्र? हे द्विदल झालं. शिवाय रात्रीचं, म्हणजे वासी."

मी खरंच वैतागले. पण मग त्यांनीच वाट दाखवली. म्हणाल्या, "डाळ कशाला हवी? नाचणी घे. जवस घे. जवसाचं तेल निघतं, त्याला द्विदल लागत नाही."

माझं माहेर जुन्नर, सासर मंचर. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेला डोंगरात आदिवासी शेतकरी नाचणी आणि वरई पिकवतात, आणि आठवडे बाजारात त्या भागातल्या मावश्या नाचणी घेऊन बसतात. लहानपणी आई तिची आंबील करायची, तेव्हा मी नाक मुरडायचे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तीच नाचणी सुंदर पाकिटात महाग झाली. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या पिठाच्या दहापट. वाढत्या वयाच्या मुलांना आणि चाळिशीतल्या आपल्याला, दोघांनाही ते हवंच.

तीन रविवार फसले. एकदा वॉफल पत्र्याला चिकटलं, एकदा आतून कच्चं राहिलं, एकदा इतकं कडक झालं की सासरे म्हणाले, "खाकरा छान झालाय." चौथ्या रविवारी जमलं. प्रमाण लिहून घ्या.

दोन चमचे भाजलेल्या जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवायची. ती चिकट होते आणि अंड्याचं काम करते. एक वाटी नाचणीचं पीठ आणि अर्धी वाटी कणीक, दोन्ही ताजी दळलेली, चाळून घ्यायची. त्यात अर्धी वाटी दही, पाव वाटी गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळून, दोन चमचे तूप, वेलची आणि चिमूटभर मीठ. शेवटी एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा. पीठ इडलीच्या पिठाइतकं सरसरीत हवं. मशीन पूर्ण तापू द्या, तुपाचा हात लावा, पीठ घाला आणि वाफ येणं थांबेपर्यंत झाकण उघडू नका. पाच-सहा मिनिटं लागतात. काढल्यावर जाळीवर ठेवा. लगेच डब्यात भरलं तर मऊ पडतं.

वरून मधाऐवजी गुळाचा पातळ पाक आणि केळ्याच्या चकत्या. आठम-चौदसला आमच्याकडे केळं नसतं, तेव्हा नुसता पाक. मात्र बेताने घ्या, गूळही शेवटी गोडच. मधुमेह असलेल्या सासऱ्यांसाठी मी गूळ न घालता जिरं-मिरीचं तिखट वॉफल करते.

एक जयणेची गोष्ट. मशीनच्या खाचांत कण राहतात आणि मुंग्या येतात. म्हणून थंड झालं की त्याच दिवशी पुसायचं, आणि पुढच्या वेळी चालू करण्याआधी उघडून, नीट बघून घ्यायचं. हे काम धाकट्याने आपणहून घेतलं आहे. पाठशाळेत शिकलेली जयणा तो हातात मऊ ब्रश घेऊन करतो.

शाळेच्या दिवशी बसच्या वेळेमुळे त्याची नवकारशी होत नाही. रविवारी मात्र तो सूर्योदयानंतरची 48 मिनिटं घड्याळ बघत मोजतो. पारणं वॉफलने होणार ना!

गेल्या आठवड्यात मित्रांनी पुन्हा बाहेर नेलं. घरी आल्यावर म्हणाला, "मी आधी विचारलं, अंडं आहे का. हो म्हणाले, मग मी लिंबू सरबत घेतलं." मी काही विचारलं नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं.

मी मनातल्या मनात त्याला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. संवत्सरीला माझं म्हणायचं राहून गेलं होतं. मग वाटलं, मनात कशाला? हाक मारली आणि मोठ्याने म्हटलं.

तुमच्या घरी केलंत तर कसं झालं ते जरूर कळवा.