भात हलते तेव्हा

आमच्या कर्वेनगरात शिक्षणाची परंपरा मोठी. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम इथे, त्या वेळच्या हिंगण्याला आणला. पुढे वस्तीला नावच त्यांचे मिळाले. अशा ठिकाणी राहून मी शेजारच्या मुलांना रानडुकराच्या शिकारीच्या गोष्टी सांगतो, हे आमच्या घरात कुणालाच पसंत नाही. पण अण्णासाहेब दापोली तालुक्यातल्या मुरुडचे, आणि माझी ही दुसरी शाळाही दापोली तालुक्यातलीच. तेवढा संबंध मला पुरे आहे.

परवा एका मुलाने विचारले, "आजोबा, शिकारीची सुरुवात कशापासून करायची?"

"बसण्यापासून," मी म्हटले. त्याला ती थट्टा वाटली.

१९६६ च्या दिवाळीत मी सतरा वर्षांचा होतो आणि मामांकडे गेलो होतो. कोकणात हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापून होते. गरवे मात्र दिवाळीत शेतात उभे असते, आणि डुकरांना हे पंचांग आपल्याहून पक्के ठाऊक! मामांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती निदान हातात तरी मिळेल, ही माझी आशा. मामांनी मला आठ दिवस एका कातकरी म्हातारबाबांच्या स्वाधीन केले.

म्हातारबाबांची शाळा कडक. मऊ मातीत डुकराच्या खुरामागे दोन लहान नख्यांच्या खुणा उमटतात, त्या आधी पाहायच्या. चिखलात लोळून जनावर झाडाला अंग घासते. खोडावरचा चिखल जमिनीपासून किती उंच, त्यावरून ते केवढे ते ताडायचे. करांद्यांसाठी उकरलेली माती ओली असली तर ती रात्रीची. डुकराचे डोळे अधू. नाक मात्र असे की, वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर खुशाल घरी जाऊन झोपावे. म्हातारबाबा विडी पेटवून धुराची दिशा बघत आणि लगेच ती विझवून कानावर ठेवत. त्या अर्ध्या विडीचा संयम मला अजून साधलेला नाही.

नवव्या रात्री मामा मला माळ्यावर घेऊन गेले. त्यांनी बंदूक ठासली : दारू, काथ्याचा बोळा, गोळी, पुन्हा बोळा, वर गजाचा दाब. केप खिशात. मध्यरात्रीनंतर भात हलू लागले. लोंब्या ओरबाडल्याचा आवाज, मधूनच फुरफुर. मी मामांचा हात दाबला. त्यांनी केप चढवली, नळी रोखली, आणि अर्धा तास तशीच धरून बसले. मग केप काढून पुन्हा खिशात टाकली.

"मामा, तुम्ही बार का नाही काढलात?"

"भात हलत होते रे. जनावर कुठे दिसले?"

सकाळी शेताचा एक कोपरा रोलर फिरवल्यासारखा झाला होता. मामी कमरेवर हात ठेवून उभ्या. "तुमचा विचार राहू द्या," त्या म्हणाल्या, "पेजेचे तांदूळ कुठून आणायचे ते सांगा." मामा काही बोलले नाहीत. कारण मला म्हातारबाबांनी सांगितले : एका हाक्यात झुडूप हलले म्हणून कुणीतरी बार काढला होता, आणि पडला तो हाकारी. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यात रानडुक्कर समजून सोबत्यांवरच गोळी झाडली गेली.

तिसऱ्या रात्री एक नर उघड्या बांधावर आला. मामांनी बार काढला. जनावर लागले, पण रानात शिरले. जखमी डुकरामागे रात्री जाऊ नये, आणि उजाडल्यावर गेल्याशिवाय राहू नये. दुपारी सापडले. वाडीत घरटी वाटा गेला.

वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद झाली. बरेच झाले, असे मी म्हणतो. पिकाचा नाश करणारे डुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. म्हणून त्या मुलाला मी फक्त माग काढायला आणि वारा ओळखायला शिकवतो.

मामेभाऊ मात्र अजूनही माळ्यावर बसतो. बंदुकीच्या जागी पत्र्याचा डबा आणि सुतळी बॉम्ब. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला, "दादा, डुकरं आता डब्याला भीत नाहीत. पुण्याहून येताना बॉम्ब जरा मोठे आण."